वाइनची सहल आणि आपला सातबारा

(धाराशिव जिल्ह्यातल्या शिबिरात तुळजापूर-कळंबकडच्या साथींनी मिळून केलेलं भाषण. बोललं तसं उतरवून घेतलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी गाळली आहेत.)

बायांनो, भावांनो, तुम्ही पेठ-सुरगाण्याहून, जव्हार-मोखाड्याहून इतक्या लांब आलात. काल जेवताना एका ताईने विचारलं, तुमच्याकडे जंगल कुठं आहे? खरं आहे. येडशीचा रामलिंगाचा घाट सोडला तर आमच्या जिल्ह्यात जंगल म्हणावं असं फारसं नाही. बालाघाटाचे माळ आहेत, कुसळं आहेत, आणि गायरान आहे. आम्ही पारधी लोक त्या गायरानावर ज्वारी-तूर करून खातो. तुमचं भांडण वनखात्याशी, आमचं महसूल खात्याशी. पण जमीन कसतो आपण आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

आज आम्हाला एका सहलीबद्दल सांगायचं आहे. द्राक्षाच्या बागा फिरून दाखवतात आणि शेवटी वाइन चाखायला देतात, तसली सहल. हसू नका. आम्ही नऊ जण गेलो होतो, पाच बाया आणि चार बाप्ये. का गेलो ते आधी ऐका.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एक माणूस आला. गाडीतून उतरला, बाजेवर बसला, पाणी प्यायला. बोलायला गोड होता. म्हणाला, तुमच्या या माळावर आम्ही द्राक्ष लावणार, वाइनचं पर्यटन करणार. पुण्या-मुंबईची माणसं येतील, राहतील, खातील. तुमच्या पोरांना नोकऱ्या, बायांना बागेत काम, आणि जमिनीचं भाडं वेगळं. वर्षाला एवढे, तीस वर्षं. मग पिशवीतून कागद काढला. स्टँपपेपर होता. आमच्यातल्या दहावी झालेल्या पोरीने तो मोठ्याने वाचला. त्यात भाड्याचा आकडा कुठंच नव्हता. एवढंच होतं की सदर जमिनीवर आमचा ताबा-वहिवाट नाही, पूर्वीही नव्हती, आणि पुढे आम्ही किंवा आमचे वारस हक्क सांगणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्याला हाकललं असेल. तसं झालं नाही. वस्तीत दोन तट पडले. काही म्हणाले, सातबारा तर मिळतच नाही, निदान हातात पैसे तरी येतील. पोरगा गाइड झाला तर काय वाईट? पोट असलेल्या माणसाला असंच वाटणार, त्याला आम्ही फितूर म्हणत नाही. शेवटी म्हातारी माणसं बोलली, की आधी हे वाइनचं पर्यटन असतं तरी काय ते डोळ्यांनी बघून या, मग सही करायची का नाही ते ठरवू. म्हणून वर्गणी काढली. शहरातल्या एका मित्राने मोबाइलवरून नावं नोंदवली. फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना, आम्ही सोलापूरच्या वाटेने गेलो. कुठल्या वायनरीत गेलो ते सांगत नाही. आमचं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांनी आम्हाला नीट वागवलं, सर-मॅडम म्हणाले. आमच्यातल्या एका मावशीला जन्मात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं.

द्राक्ष आम्हाला नवीन नाही, हे तिथल्या पोराला माहीत नव्हतं. आमच्या टोळ्या दरसाल सोलापूर-सांगलीकडे बागांत जातात. तुमच्या पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडला जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फेलफूट काढणं, शेंडा मारणं, विरळणी, घड औषधात बुडवणं, तोडणी, सगळं आपल्याच हातचं. झाडाकडे बघून यंदा घड किती लागतील हे आमच्या बाया सांगतात. पण त्या बागांत आम्ही मागच्या फाटकाने जातो आणि मागच्याच फाटकाने येतो. समोरच्या फाटकातून आत जायची ही पहिली वेळ.

आत गेल्यावर डोक्याला गवताची टोपी दिली आणि ओळींमधून फिरवलं. पोरगा हुशार होता, नीट समजावून सांगत होता. खायची द्राक्षं वेगळी, वाइनची वेगळी. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. शिराझ, कॅबर्नेट ही काळी, शेनिन ब्लां ही पांढरी. खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायला आपण जीए देतो, इथं मणी मोठा झालेला चालतच नाही, कारण चव आणि रंग सालीत असतो. काळ्या द्राक्षाचाही रस आतून पांढराच निघतो. साल रसातच ठेवून आंबवलं तर लाल वाइन होते, आधी पिळून साल बाजूला केली तर पांढरी. ही गोष्ट आम्हाला इतकी वर्षं घड तोडून माहीत नव्हती. शिकण्यासारखी होती, शिकलो.

मग कारखाना. घडाचे देठ काढायचं यंत्र, रस पिळायचं यंत्र, स्टीलच्या उंच टाक्या. टाकीला बाहेरून थंडावा देतात, म्हणजे रस आंबताना तापत नाही. साखरेची दारू होते ती यीस्टमुळे, बारा-तेरा टक्के. त्याच्यापुढे अंधारी खोली, तिथं ओक लाकडाची पिंपं. ती फ्रान्समधून येतात म्हणे. आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, “पिंपाला पासपोर्ट हाय, आपल्याला रेशनकार्ड न्हाई.” सगळे हसलो. पोरालाही कळलं नाही का हसतो ते.

शेवटी चाखायची खोली. लांब टेबल, समोर पाच-पाच पेले, प्रत्येकात तळाला घोटभर. आधी पांढरी, मग लाल. पेला उजेडाला धरायचा, फिरवायचा, नाक घालून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. गिळायचा नसेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं. इथं आमचीच पंचाईत झाली. तिघी बायांनी हातच लावला नाही. त्यांच्या घरातल्या दारूने काय केलंय ते त्यांनाच माहीत. दोघा-चौघांनी घेतली. एक आजी भांड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पोरावानी जपून पिकवायचं, अन् थुकायचं?” आणि एकाने सवयीने विचारलं, “पेस्ट लावून किती दिस झाले?”

पेठच्या बायांना हे कळलं, बाकीच्यांना सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ती अंगावर गेली आणि वर दारू पोटात गेली, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. टोळीचा नियमच आहे, पेस्टच्या दिवसांत दारूला शिवायचं नाही. आमच्या माणसाच्या डोक्यात द्राक्ष आणि दारू यांचं नातं म्हणजे हेच. फेब्रुवारीत पेस्ट कुठली असणार, पण सवय जात नाही. मोजे नसतील तर पेस्टच्या कामाला नकार द्या, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता दारूबद्दल. काहींनी आम्हाला सुचवलं, भाषणात एवढंच सांगा की आदिवासीने मोहाची काढली तर गुन्हा आणि मोठ्याने द्राक्षाची काढली तर पर्यटन. हे खोटं नाही. १८९२ च्या म्हौरा कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवरच बंधन आलं. दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून आहे, आणि पोलीस आमच्या पालांवर येतात ते त्याच कायद्याचं नाव घेऊन. १८७१ च्या कायद्याने आम्हाला जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला, तरी सोलापुरातल्या त्या तारेच्या कुंपणाच्या जागेला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. जाताना आम्ही सोलापुरातूनच गेलो. दुसरीकडे बघा, वाइनसाठी राज्याने २००१ साली वेगळं धोरण केलं, कर माफ केले, विंचूरला आणि पलूसला वाइनसाठी खास औद्योगिक जागा दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा सांगितलं की हे शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे.

हे सगळं खरं, पण आमच्या बाया म्हणाल्या, यावर थांबू नका. त्यांना दोन्ही दारू नकोत. त्यांचंही चुकीचं नाही. १९२२-२३ साली सुरगाणा, डांग, दक्षिण गुजरात या पट्ट्यात आदिवासींनी देवीच्या नावाने दारू सोडली होती. ती नुसती भक्ती नव्हती. दारूच्या गुत्तेवाल्याकडे जमीन जात होती, म्हणून सोडली. तेव्हाच्या लोकांनी दारू आणि जमीन एकत्र जोडून पाहिली. आम्हीही तसंच पाहायचं ठरवलं. म्हणून पेल्याचं सोडा, जमिनीचं बोलू.

चाखून झाल्यावर पोरगा म्हणाला, वाइनला मातीची चव असते. एकच झाड, पण इथल्या मुरमाड उताराची चव वेगळी, दुसऱ्या गावची वेगळी. म्हणून बाटलीवर गावाचं नाव लावतात, नाशिकच्या वाइनला तर सरकारी भौगोलिक मानांकन आहे. मग त्याने विचारलं, काही प्रश्न? त्याच आजीने विचारलं, “बाळा, ही झाडं किती वर्षांची?”

तो म्हणाला, ही ओळ बारा वर्षांची आहे. आजी, पहिल्या वर्षी रानटी खुंट लावतात, त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्यावर कलम बांधतात, मग मांडव, तार, अँगल, ठिबक. पहिलं पीक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पंधरा-वीस वर्षं बाग चालते, चांगल्या वाइनला म्हातारं झाडच बरं.

आजी परत येताना गाडीत गप्प होती. टेंभुर्णीच्या पुढे आल्यावर म्हणाली, “आपण चाळीस वर्षं ज्वारीच का पेरतो, ते आज कळलं.”

साथींनो, आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे. आम्हाला लोक म्हणतात, पारध्याला शेती येत नाही, दरसाल ज्वारी नाहीतर तूर टाकतो आणि बसतो. तुम्हाला म्हणतात, आदिवासी नागली-वरईच्या पुढे जात नाही. पण ज्याला पुढच्या मृगाला हीच जमीन हातात असेल का याची खात्री नाही, तो चार महिन्यांत हातात येईल तेच पेरणार. मांडवाला एकरी लाखांनी पैसा लागतो. तो बँक देते, आणि बँक सातबारा मागते. कलम बांधून तीन वर्षं वाट पाहायला पुढची तीन वर्षं आपली असावी लागतात. आमच्या गायरानावर २०२२ च्या शेवटी अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या. त्या हातात घेऊन कोण आंबा लावेल? द्राक्षाची वेल मांडवावर चढते असं आपण म्हणतो. आम्ही बघून आलो, ती सातबाऱ्यावर चढते.

आणखी एक उदाहरण, आमच्या शेजारचंच. सोनाका द्राक्ष तुम्ही तोडलं असेल, लांबट मण्याचं. सोलापूरजवळच्या नान्नज गावी नानासाहेब काळे यांच्या बागेत ते निघालं. सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं म्हणजे सोनाका. बागेत एक काडी वेगळी दिसली, ती जपली, तिची कलमं केली, वर्षानुवर्षं बघितली, तेव्हा जात तयार झाली. त्यांच्या मेहनतीला आमचा नमस्कार आहे. पण विचार करा, वेगळी काडी आमच्या बायांनाही दिसते. छाटणी करताना हातात हजारो काड्या येतात, नजर तयार झालेली असते. पण ती काडी आपली नसते, पुढच्या साली त्या बागेत काम मिळेल याचीही शाश्वती नसते. मग बघून काय करणार? छाटून टाकतो. किती चांगल्या काड्या अशा बांधावर पडल्या असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

परत आल्यावर वस्ती बसवली. रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. तो स्टँपपेपर पुन्हा वाचला. आणि एक साधा प्रश्न निघाला. गायरान सरकारचं आहे. आमच्या नावावर नाही, म्हणजे आम्ही ते भाड्याने देऊच शकत नाही. मग त्या माणसाला आमची सही कशाला हवी? सगळ्यात आधी ज्यांनी सहीची बाजू घेतली होती, त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, “त्याला माहीत हाय आपला हक बनतो, म्हणून सही पाहिजे.” बरोबर आहे. ज्याचा काहीच हक्क नाही, त्याच्याकडून हक्क सोडल्याचा कागद कुणी लिहून घेत नाही.

आमचा हक्क कशावर उभा आहे ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे गायरान कसणारे असतील तर उपयोग होईल. सरकारने १९९१ च्या नोव्हेंबरात निर्णय काढला, की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांनी शेतीसाठी केलेली सरकारी जमिनीवरची अतिक्रमणं नियमित करावीत. निर्णय झाला, नावं चढली नाहीत. कारण पुरावा मागतात. पुरावा म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही, नमुना १-ई. आणि दंडाच्या पावत्या. आपल्या बापाला अतिक्रमण केलं म्हणून दंड केला, त्याची पावती म्हणजे तो त्या साली ती जमीन कसत होता याचा सरकारी पुरावा. आमच्या वस्तीत एकाने अशा पावत्या चुलीत घातल्या होत्या, शिक्षेचा कागद घरात कशाला म्हणून. एका आजीने मात्र लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्या. आज तिचा दावा सगळ्यात भक्कम आहे.

तुमच्यासाठी, जंगलातल्या गावांसाठी, दोन गोष्टी. पहिली, वनहक्क कायद्याने, २००६ च्या, आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसलेली वनजमीन त्याच्या नावाने मिळते, चार हेक्टरपर्यंत. नवरा-बायको दोघांची नावं लागतात. ही जमीन वारसाने पोरांना जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कुणी येऊन म्हणालं की वनपट्टा आमच्या नावे करून द्या, रिसॉर्ट करू, तर समजा तो एकतर कायदा जाणत नाही किंवा तुम्हाला जाणत नाही. दुसरी, ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्या आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे भाड्याने किंवा गहाण जायची असेल, तर जमीन महसूल कायद्याच्या ३६-अ कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, त्याहून जास्त मुदत असेल तर राज्य सरकारची मान्यताही लागते. तीस वर्षांचा करार बाजेवर बसून होत नाही. आणि ज्यांची जमीन पूर्वी अशी गेली, त्यांच्यासाठी जमीन परत करायचा १९७४ चा कायदा आहे. जुने फेरफार काढून बघा.

वस्तीने काय ठरवलं ते सांगून थांबतो. सही करायची नाही, यावर सगळे एक झाले. त्या माणसाला कागद परत दिला, भांडण केलं नाही, चहा दिला. पण नुसतं नाही म्हणून पोट भरत नाही, हेही ठरलं. नमुना १-ई च्या नकला माहितीच्या अधिकारात मागवल्या. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले, कारण ती माणसं रोज एक कमी होतायत. आणि बायांनी एक वेगळंच ठरवलं. त्या म्हणाल्या, सातबारा येईल तेव्हा येईल, या पावसाळ्यात प्रत्येकीने आपल्या वावराच्या बांधावर एक झाड लावायचं, तीन वर्षांनी फळ येणारं. सीताफळ, बोर, जे जगेल ते. द्राक्ष नको, त्याला पाणी कुठून आणायचं? पंचनामा करायला तलाठी आला तर त्याला झाड दाखवायचं आणि झाडाचं वय लिहून घ्यायला सांगायचं.

झाडं लावली. आमच्या माळावर आता पंचेचाळीस सीताफळाची रोपं आहेत. शेळ्यांपासून राखायला पोरांच्या पाळ्या लावल्यात. तीन वर्षांनी याच शिबिराला या. तुम्हाला आमच्या माळाची सहल घडवू, गाइड आमचीच ती दहावी झालेली पोरगी असेल, आणि चाखायला सीताफळ देऊ. बिया मात्र थुंका.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!